गेवराईच्या दोन बरण्या

रत्नागिरीहून निघतानाच ठरवलं होतं, यंदा गेवराईत कुणाशी वाद घालायचा नाही. बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्राची बाहेरची परीक्षक म्हणून सलग दुसऱ्या वर्षी जात होते. प्रात्यक्षिकं उरकायची आणि परत फिरायचं.

चौसाळ्याला बस थांबली. भाकरीबरोबर येसर (भाजलेल्या डाळींच्या पिठाची झणझणीत आमटी) खाताना नाकाडोळ्यांतून पाणी आलं. हॉटेलवाला म्हणाला, "लई तिखट हाय का, ताई?" "घाला अजून," मी म्हणाले. माघार घेणं माझ्या स्वभावात नाही.

गेवराईत वाळूच्या ट्रकांची धूळ खात कॉलेजात पोचले. ओळखायच्या वस्तूंत गेल्या वर्षीच्याच दोन बरण्या होत्या. दोन्हींत स्केट, म्हणजे आमच्या पाकटाच्या नात्यातले चपटे मासे, दिसायला सख्ख्या बहिणी. एकीचं नाक लांब, शेपटीवर काट्यांची एकच ओळ. दुसरीचं नाक बोथट आणि काट्यांच्या तीन ओळी. फॉर्मॅलिनमध्ये राहून नाकं पार दुमडली होती. समुद्र न पाहिलेली मुलं मग बरणीच पाठ करत: टवका उडालेली ती लांब नाकाची.

सगळ्यांची उत्तरं तिथल्या सरांच्या यादीशी जुळली. शबाना नावाच्या एकाच मुलीची उलटी.

"ही पोरगी मागच्या सालीबी अशीच," सर म्हणाले. "मारा काट, मॅडम."

मी तिला बोलावलं. रुमाल पिळत उभी राहिली.

"तूच वेगळं का लिहिलंस?"

"काचेतनं काटे मोजले, मॅडम. अब्बा गॅरेजवर म्हणतेत, डब्यावरचं नाव नको, आतला पार्ट बघ." मग आवाज खाली आला. "मागल्या साली ह्याच दोन मार्कांनी राहिले. औंदा राहिले तर घरी बसवतेत."

मी टवक्याच्या बरणीचं झाकण उघडलं. डोळे चुरचुरत होते. चिमट्यानं शेपटी वर धरली. एक, दोन, तीन ओळी, म्हणजे ही बोथट नाकाची. कधीतरी फॉर्मॅलिन बदलताना माशांची अदलाबदल झाली होती.

"पण मॅडम, यादी..." सर म्हणाले.

"यादी चुकलीय!" मी ओरडलेच. तिला दोन्ही मार्क दिले. बाकीच्यांचे ते दोन मार्क गेले, पण त्यावाचून कुणी बुडत नव्हतं. शबाना पास झाली.

निघताना ती फाटकापाशी भेटली. मला लाज वाटत होती, तरी सांगून टाकलं, "मागच्या वर्षी काट मीच मारली होती. बरणी न उघडता."

"ठाऊक हाय, मॅडम. तुमीच परत आलात म्हणून परत तेच लिवलं. एकदा तरी बघाल म्हणलं."

परतताना चौसाळ्याला काही खाल्लं नाही. माझा जन्म समुद्रकाठी गेला. मासा ओळखायला मात्र गेवराईत शिकले, तेही एका पोरीचं वर्ष खर्चून.