आत्याची लाखोली आणि माझं नाक

आमच्या घरच्या गणपतीची नव्वद हजार फुलं मी नाकाने बुडवली.

हे मी अभिमानाने सांगत नाही. पण आमच्या घराण्यात दुसऱ्या कुणाच्या नावावर एवढा मोठा आकडा नाही, हेही खरं. गोष्ट पंचावन्न सालच्या आसपासची. आम्ही चिंचवडला राहायचो. शेजारी पिंपरीत औषधांचा नवा कारखाना झाला होता आणि गावातला प्रत्येक मॅट्रिक झालेला मुलगा तिथे अर्ज देऊन आला होता. मीही दिला. उत्तर येईपर्यंत मी चित्रकार होतो. (उत्तर येईना, म्हणून चित्रकार बराच काळ राहिलो.)

चित्रकार म्हणजे फुलांचा. आमचे ड्रॉइंगचे जोगळेकर मास्तर म्हणत, "कॅलेंडरावरून फूल उतरवतो तो नकल्या! फूल समोर ठेवून काढावं. आणि कागदाला हात लावण्याआधी पोटभर वास घ्यावा. वास कळला की रेघ आपोआप येते." मला वास कळत होता. रेघ मात्र वाटेत कुठेतरी अडकत होती.

आता गोदाआत्या. वडिलांची थोरली बहीण. लहान वयात वैधव्य आलं आणि ती माहेरी परतली, ती कायमची. बोलायची मोजकं आणि मोजायची सगळं. माझ्या अर्जाचं उत्तर येत नाही हे बघून तिने आषाढात संकल्प सोडला: भाच्याला नोकरी लागावी म्हणून गणपतीला पारिजातकाची लाखोली. म्हणजे एक लाख फुलं, एकेक करून मोजलेली! अंगणात पारिजातकाची दोन झाडं होती. पहाटे आंघोळ करून ती फुलं वेचायची, दहा-दहाचे ढीग लावायची आणि दहा हजार झाली की देवघराच्या भिंतीवर गेरूची एक रेघ ओढायची.

वेचणं झालं की भरलेली परडी ओटीवर ठेवून ती आत चंदन उगाळायला बसे. तेवढा अर्धा तास माझा. पारिजातक ही चित्रकाराची परीक्षाच; दहा वाजेपर्यंत मान टाकतो. मी परडीतून दहा-बारा देखणी फुलं निवडायचो, डोळे मिटून वास घ्यायचो, घाईघाईने चित्र काढायचो आणि फुलं परत परडीत ठेवायचो. वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं. पण परत ठेवताना मी ती इतक्या हळुवारपणे ठेवायचो, की वास घेतलाच नाही असं माझं मलाच वाटायचं.

आमचा पहिला समीक्षक म्हणजे शेजारचा कोंडिबा. त्याची कांद्याची शेती होती. एकदा कुंपणावरून वाकून त्याने चित्र बघितलं.

"ब्येस काढलाय कांद्याचा गोंडा!"

"कोंडिबा, हा पारिजातक आहे."

"आरं, आमी जल्मभर बियाचा कांदा लावतोय. मला वळखू येत न्हाई व्हय?"

मी त्याच्याशी दोन दिवस बोललो नाही. (त्याच्या ते लक्षात आलं नाही.)

भिंतीवर नववी रेघ उमटली त्याच आठवड्यात जोगळेकर मास्तर घरी आले. मी सगळी चित्रं त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी चष्मा पुसला, एकेक चित्र लांब धरलं, जवळ धरलं, आणि सुस्कारा सोडून म्हणाले, "वास घेत नाहीस वाटतं."

मला ते फारच झोंबलं. चित्र वाईट म्हणाले असते तर चाललं असतं, पण माझ्या नाकावर संशय! मी ताडकन म्हणालो, "नाही कसा, मास्तर? रोज घेतो! परडीतल्या प्रत्येक फुलाचा घेतो! घेतो आणि परत ठेवतो!"

मास्तर माझ्या खांद्यावरून मागे बघू लागले. मीही वळून बघितलं. मागे आत्या चहाचा कप घेऊन उभी होती.

कप तिने पडू दिला नाही. शांतपणे मास्तरांच्या हातात दिला, साखर पुरते का विचारलं, आणि मास्तर गेल्यावर माझ्यासमोर येऊन बसली.

"प्रत्येक फुलाचा?"

"नाही गं आत्या! ते आपलं मास्तरांना सांगायला. खरं म्हणजे रोज दहा-बारा."

"कुठली दहा-बारा?"

"ते... आता कसं सांगणार?"

"मगाशी प्रत्येक म्हणालास, आता दहा-बारा म्हणतोस. यातलं देवाला कुठलं सांगू?"

आत्या उठली, फडकं ओलं केलं आणि देवघराच्या भिंतीवरच्या नऊच्या नऊ रेघा पुसून काढल्या. आमच्याकडे लाखोली दोन प्रकारची असते, एक फुलांची आणि एक शिव्यांची. त्या दिवशी आत्याने दुसरी वाहिली असती, तर मी आनंदाने ऐकली असती. गेरूचे ओघळ भिंतीवरून खाली आले, ते तेवढे तिने पुन्हा पुसले. माझ्याच नोकरीसाठी ही बाई पहाटे गार पाण्याने आंघोळ करत होती आणि मी नाक खुपसून बसलो होतो. मला रडू आलं, हे आज लिहायला हरकत नाही.

बहर संपत आला होता. म्हणजे आता पुढच्या आषाढात, पहिल्या फुलापासून! "वेचायचं तू, मोजायचं मी," आत्या म्हणाली, आणि जुन्या धोतराची एक पट्टी माझ्यापुढे टाकली. "आणि हे नाकाला."

अशा रीतीने पुढच्या पावसाळ्यात मी रोज पहाटे आंघोळ करून, नाका-तोंडावर फडकं आवळून, अंगणात ओणवा होऊ लागलो. पहिल्याच दिवशी कोंडिबाने विचारलं, "कुनाकडं दरोडा घालाया निघालास?" फडक्यातून मी जे उत्तर दिलं ते त्याला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी दूधवाली दूध फाटकातच ठेवून पळाली. आठवडाभरात आमच्या घरात देवी निघाल्याची बातमी गावभर झाली, आणि दहाव्या दिवशी देवी टोचणारा डॉक्टर पेटी घेऊन दारात हजर! आम्हाला कुणालाही काही झालेलं नाही, हे मी त्याला पटवून देत होतो. पण ते फडक्यातूनच देत होतो. त्याने घरातल्या सगळ्यांना टोचलं आणि कुंपणावरून मजा बघणाऱ्या कोंडिबालाही धरून टोचलं. लाखोलीचा दुसरा प्रकार मला शेवटी कोंडिबाकडून ऐकायला मिळाला. त्याने मोजदाद ठेवली नव्हती, पण लाख भरले असावेत.

चित्रं मी सोडली नव्हती. फक्त आता नाक बंद होतं, आणि जवळून नुसतं बघण्याची मुभा होती. एक दिवस आत्या ढीग लावत असताना मी समोर बसून काढत होतो. तिने वही आपल्याकडे वळवली.

"पाकळ्या पाचच का रे सगळ्यांना?"

"पारिजातकाला पाचच असतात."

"कुणी सांगितलं? पाचाची थोडी असतात. सहा-सहा, सात-सात पाकळ्यांची असतात. हे बघ. आणि देठाचा केशरी रंग वर पाकळ्यांच्या मधोमध चढतो, तो कुठाय?"

मी फडकं सावरून वाकून बघितलं. ढिगातल्या पहिल्या फुलाला सहा पाकळ्या होत्या. दुसऱ्याला सात. मधोमध केशरी थेंब. वर्षभर मी फूल समोर ठेवून चित्रं काढत होतो, आणि काढत होतो ते माझ्या डोक्यातलं फूल! वास घेताना मी डोळे मिटायचो, ते बहुधा पुन्हा उघडलेच नव्हते. आणि ही बाई, जिने आयुष्यात हातात ब्रश धरला नाही, तिने एक लाख फुलं एकेक करून बघितली होती.

कार्तिकात दहावी रेघ उमटली. त्यानंतर थोड्याच दिवसांत पोस्टमनने (फाटकाबाहेरूनच) कारखान्याचं पत्र अंगणात भिरकावलं. पहिल्या दिवशी आत शिरताना आम्हाला सगळ्यांना नाका-तोंडाला बांधायला फडकं दिलं; औषधावर कुणाचा श्वास पडता कामा नये म्हणून. बाकीची मुलं गाठीशी झगडत होती. माझी गाठ बघून सुपरवायझर म्हणाले, "वा! आधी कुठे कामाला होता?"

"गणपतीकडे," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी माझं सर्वांत चांगलं चित्र आत्याला दिलं. सहा पाकळ्या, सात पाकळ्या, केशरी थेंब, सगळं जिथल्या तिथे. तिने ते उजेडाला धरलं. मग हळूच म्हणाली, "सदा, पारिजातकाचा वास जवळून कसा येतो रे?"

मला आधी कळेचना. मग कळलं. इतकी वर्षं, इतकी फुलं, आणि देवाची म्हणून तिने एकही कधी नाकाशी नेलं नव्हतं. लांबून येईल तेवढाच वास तिचा.

"आत्या, हे देवाचं नाही," मी म्हणालो. "हे तुझं. याचा घे."

तिने कागद नाकाशी नेला, डोळे मिटले आणि पोटभर वास घेतला. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "घेतलास वास! आता हे फूल देवाला चालायचं नाही हं!"

"तसंही चाललं नसतं," आत्या डोळे मिटूनच म्हणाली. "देवाला कांदा चालत नाही."