देवळाच्या आळीतून

नायगावच्या चाळीतली खोली रिकामी केली त्या दिवशी सामान टेम्पोत चढलं, शेजारणी रडल्या, आणि बाबा दारात अनवाणी उभे राहून चपला शोधत होते. त्या मीच घाईत पिशवीत कोंबल्या होत्या. "आधी माझ्या चपला काढ, मग निघू," ते खेकसले. मला रागच आला. एवढा संसार हलतोय आणि यांना चपलांची पडलीय!

आता आम्ही माटुंग्याला भाड्यानं राहतो. लिफ्ट आहे, वॉचमन आहे. चाळीतले तुम्ही सगळे कुठं कुठं पांगलात, म्हणून हे लिहितेय.

बाबांनी बाराव्या वर्षी कोकणातलं गाव सोडलं. किल्ला, दीपगृह, जुनं देऊळ यांच्या गोष्टी सांगायचे, पण कधी नेलं नाही. "काय ठेवलंय तिथं?" एवढंच. माझ्या लेकीनं, सईनं, मोबाइलवर तो किल्ला पाहून हट्ट धरला, तेव्हा नातीपुढं त्यांचं काही चाललं नाही.

आम्ही एसटीतून उतरलो. किल्ल्याचा रस्ता देवळाच्या आळीतून जात होता. "वाळूवरून जाऊ," बाबा म्हणाले. पण भरती चढलेली, वाळू पाण्याखाली. "मग राहू दे किल्ला." सई रडवेली झाली. मी चिडून म्हटलं, "बाबा, एवढ्या लांब आलोय, चला ना!"

आळीच्या तोंडाशी ते थांबले, वाकले आणि चपला काढून हातात घेतल्या.

आमच्या जातीच्या माणसांना त्या आळीतून पायात चपला घालून जायची बंदी होती, हे मी ऐकून होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या बापाचे हात ते विसरले नव्हते, आणि मीच त्यांना ओढत आणलं होतं.

सईला वाटलं, देऊळ आलं. तिनंही सँडल काढल्या. "आबा, पाय भाजतायत."

बाबांनी तिच्या पायांकडे पाहिलं. आळीतल्या एका ओट्यावर गावातली दोन माणसं बसली होती, आमच्याकडेच बघत होती.

"घाल गं बाय," बाबा मोठ्यानं म्हणाले. "पायात घाल. हातात घ्यायच्या नसतात त्या."

मग स्वतःच्या चपला त्यांनी खाली टाकल्या. अंगठा पट्ट्यात जाईना. मी वाकले, तर माझा हात बाजूला सारला.

आम्ही चालू लागलो. ओट्यावरून प्रश्न आला, "कुठले तुम्ही?"

"नायगावचे," बाबा म्हणाले. "किल्ला बघायला आलोय."

त्या गावातून अनवाणी निघालेला माणूस चाळीतून तसा निघणार नव्हता, हे मला तेव्हा कळलं. माटुंग्याला परतल्यावर त्यांनी दारात चपला काढल्या, वाळू झटकली आणि नीट जोडून ठेवल्या. काढा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. घर कुठलं, असं आता कुणी विचारलं तर मी ते दार दाखवीन.