दोराचे टोक

प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेरच्या पर्जन्यवृक्षाची वाळलेली फांदी आज उतरवली जात होती. कमरेच्या पट्ट्याला करवत अडकवून एक माणूस वर चढला होता. पट्ट्याला बांधलेला दोर वरच्या बेचक्यातून खाली आला होता, आणि शेजारच्या खोडाला वेढे देऊन दोराचे टोक त्या माणसाच्या बायकोने धरले होते.

"खाली काय बघताय? करवतीकडं बघा!"

"तू दोर सोडशील म्हणून बघतोय."

"सोडायचा असता तर कधीच सोडला असता!"

माझे बाबाही झाडांच्या छाटणीची कामे घेत, आणि त्यांचा दोर आई धरी. सुट्टीत मी डबा घेऊन जाई, पण बाबा खाली येईपर्यंत ती पाण्याचा घोटही घेत नसे. लाकडाचा ओला, तुरट वास तिच्या पदराला कायमचा चिकटला होता.

एवढ्यात त्या माणसाचा पाय सालीवरून निसटला. दोर करकचला, आणि तो हातभर खाली येऊन लोंबकळत राहिला. बाईने धरलेले टोक जराही सरकले नाही.

"आता उतरा," ती एवढेच म्हणाली.

दोराचा प्रत्येक वेढा हाताचा जोर कितीतरी पटींनी वाढवतो, हे सूत्र मी पुढे महाविद्यालयात शिकले. मात्र त्यात गुणायला मुळात हात लागतो. तो नसेल, तर वेढे कितीही द्या, उत्तर शून्यच येते.

आई गेल्यावर बाबा पुन्हा झाडावर चढले नाहीत.