उसना दिलेला आंज

आपल्या आंजाशी इतकी रोखठोक वागणारी बाई मांद्र्यात दुसरी झाली नाही, होणारही नाही. आंज म्हणजे देवदूत. प्रत्येक माणसाला जन्मापासून एक राखणारा आंज लाभतो, अशी ख्रिस्ती लोकांची शिकवण. बाकीचे ते इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, ऐकतात आणि घरी येऊन मासे तळतात. आमची शेजारीण मात्र त्याला सोबत घेऊनच घरी यायची. दारातून आत शिरली की दार थोडा वेळ धरून ठेवायची, मागच्याचे पंख चेंगरू नयेत म्हणून. चहाला बसली की बाजूची कदेल, म्हणजे खुर्ची, त्याची. मी एकदा तिथे भाजीची पिशवी ठेवली, तर ती उचलून तिने माझ्या मांडीवर दिली. बस चुकली की भर स्टँडवर त्याला झापायची, "निदलो काय रे तूं?" पूजा मात्र नाही. मेणबत्ती देवाला. "हो कामाचो," ती म्हणायची, "ताका पूजा कित्याक?"

माझ्या माहेरच्या गावी वेशीवर राखणदार आहे, त्याला नारळ आणि रोट द्यावा लागतो, असं मी सांगितलं तेव्हा तिला त्याची दया आली. "सगळ्या गांवाक एकटोच? बिचारो किती धांवतलो! आमकां दर एकाक एक." मी पर्यटकांना खोल्या भाड्याने देते. सगळ्या खोल्यांना मिळून मला एक कामवाली टिकवता येत नाही, तेव्हा ही व्यवस्था ऐकून मला हेवाच वाटला.

पेडण्याच्या बाजाराला ती माझ्या स्कूटरवर यायची. सीटच्या अगदी टोकाला, अर्धी बाहेर लोंबकळत. मध्ये जागा त्याची. "सवकास व्हर गो वैनी, आमी तिगां आसांव," हे प्रत्येक वळणावर. एकदा पोलिसाने अडवलं. "बाय, पुढे सरक, पडशील. मध्ये जागा कोणाला ठेवलीस?"

"माझ्या आंजाक."

"मग त्याचं हेल्मेट कुठे आहे?"

"ताच्या माथ्यार आसा मरे. तुका दिसना, ताका तो कितें करतलो?"

पोलिसाने मला हाताने जा म्हटलं. तिघांना.

मग माझ्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. मी पिशव्या भरल्या, खोल्यांच्या किल्ल्या जावेकडे दिल्या, रडायला वेळ नव्हता. गाडीत बसताना शेजारीण फाटकात आली आणि आपल्या उजव्या खांद्याच्या मागे बघून हुकूम सोडला, "वच हांच्यावांगडा. हो बरो जाय मेरेन परतूं नाका." मी म्हटलं, "बाय, हा बरा होईपर्यंत तो आमच्याबरोबर, आणि तू?" ती म्हणाली, "हांव सांभाळतां."

ऑपरेशन नीट झालं. नवऱ्याला घेऊन घरी आले, तर जावेने पहिली बातमी शेजारणीची दिली. बाई घराबाहेर पडेना. विहिरीवर जात नाही, कोयता धरत नाही, चूल पेटवत नाही. राखणारा दुसरीकडे गेलाय, मग जोखीम कोण घेणार? पाववाला पोदेर जनेलातून, म्हणजे खिडकीतून, उंडे देतो, त्यावर लोणचं लावून खाते. रविवारची मिसा, इगर्जीतली प्रार्थनासुद्धा, चुकवली. मी जाऊन बघितलं, तर गालफडं बसलेली. आंजाच्या कदेलीवर कपड्यांचा ढीग.

"बाय, नवरा बरा झाला. बोलाव त्याला परत."

"डॉक्टर अजून जपायला सांगता न्हय? मग कसो बोलावूं? दिल्लें परत मागप बरें दिसना."

नवऱ्याला पूर्ण बरं व्हायला महिने लागणार होते. तोवर ही लोणच्यावर टिकली नसती. मी स्कूटर काढली आणि थेट पाद्र्यांकडे गेले. माझं सगळं ऐकून त्यांनी आधी चष्मा पुसला, मग मला बसायला सांगितलं.

"आंज उसना देता येत नाही. तो देवाने नेमलेला. तिने ढकलला तरी जायचा नाही."

"आणि माझ्या नवऱ्याकडे कोण होतं मग?"

"त्याचा त्याचा. बाप्तिस्मा नसला म्हणून देव माणसाला एकटा सोडतो काय?"

मी परत येऊन तिला शब्दन् शब्द सांगितला. तिने एवढा मोठा श्वास सोडला, की इतके दिवस तो कोंडूनच धरला असावा.

"म्हणजे तो हांगाच आशिल्लो?"

"इथेच."

"आनी हांवें ताका कदेलसुद्धां दिली ना!"

उठून तिने कपड्यांचा ढीग माझ्या हातात कोंबला, कदेल पदराने पुसली, आणि कोयता घेऊन नारळ फोडायला बसली. मला घरी जाऊन झोपावंसं वाटलं, इतकं हलकं वाटलं. मी दारापर्यंत पोचले तेव्हा तिने हाक मारली. "वैनी, तुझ्या घोवाच्या आंजाक देव बरें करूं म्हण गो. इतलीं वर्सां ताचेकडेन कोणूच उलयलो ना."

मी आंजाशी बोलणारी, त्याचे आभार मानणारी बाई नव्हे. नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला आणि टाके दुखतात म्हणून माझ्यावरच चिडला.

आता ती मडगावला लेकीकडे राहते. गेली त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी फोन जवळ घेऊन होते. शेवटी तिचाच आला. "पावलीं गो. ताका जनेलाकडची जागा दिली."

नवरा ठणठणीत आहे. बाजाराला मला सोडायला हल्ली तोच स्कूटर काढतो. परवा आरशात बघून ओरडला, "अगं, पुढे सरक! टोकाला काय बसलीस, पडशील."

"नाही पडत," मी म्हटलं. "तू सावकाश चालव."