सुनेसाठी ऐपतीचा दाखला

माझी बायको बोलायला लागली की पुण्याकडचे लोक आधी तिच्या केसांकडे बघतात, मग माझ्याकडे. केस सोनेरी होते, आता पांढरे झालेत, आणि भाषा मात्र दर्यापूरच्या बाजारातली. भाजीवालीशी ती "कावून एवढं महाग लावून राहिली बाई?" अशी भांडते तेव्हा मला अजून हसू येतं. तिला मराठी शिकवली माझ्या मायनं आणि कापूस वेचायला येणाऱ्या बायांनी, त्यामुळे 'मला' हा शब्द तिच्या जिभेवर कधी बसलाच नाही, ती 'मले'च म्हणते. ही बाई एका उन्हाळ्यात देशाबाहेर जायची वेळ आली होती, आणि तीही माझी मिळकत कमी पडली म्हणून, हे आमच्या नातवंडांना खरं वाटत नाही. त्यांच्यासाठी लिहून ठेवतो आहे.

मी जर्मनीला गेलो तो तेलाचं शास्त्र शिकायला. आमच्या वऱ्हाडात सरकीला तोटा नाही, आणि अकोल्यात सरकीचं तेल काढणाऱ्या गिरण्या चालत होत्या. अडीच वर्षं तिकडे राहिलो. ज्या प्रयोगशाळेत शिकत होतो तिथं काचेची भांडी सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. माझ्या हातून इतकी भांडी फुटली की आधी ती चिडली, मग हसायला लागली, मग माझी भांडी स्वतःच धुऊन ठेवायला लागली. लग्न आम्ही तिकडेच केलं आणि घरी पत्र टाकलं. बाबांचं उत्तर दोन ओळींचं आलं. पत्र पोचलं, पाऊस बरा आहे. आमच्या घरात 'बरा' म्हणजे भरपूर, हे मला ठाऊक होतं. तेवढ्यावर मी खूश झालो.

बाबा कुठल्याच गोष्टीला चांगलं म्हणत नसत. दर्यापूर तालुक्यात आमची काळी जमीन, कापूस कमरेला लागायचा, आणि कोणी विचारलं पीक कसं आहे, तर बाबांचं उत्तर ठरलेलं, "हाये आपलं कसंतरी." मी मॅट्रिकला पहिल्या वर्गात आलो तेव्हाही लोकांना त्यांनी "झाला कसातरी पास" एवढंच सांगितलं. यात थोडी नजर लागायची भीती होती आणि थोडा व्यवहार. तो व्यवहार सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यानंच घडलं.

दर वर्षी तहसीलदार गावोगाव फिरून पिकाची आणेवारी ठरवत. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, आणि बाकी ज्याच्या त्याच्या नशिबानं खाली. सहा आण्यांच्या आत आलं की गावाचा शेतसारा त्या वर्षापुरता तहकूब व्हायचा. तेव्हा साहेब यायचे म्हटलं की सगळं गाव दुखणाईत चेहरा करून उभं राहायचं, आणि बोलायला पुढे बाबा. ते साहेबांना आमच्या वावराच्या एका कोपऱ्यात नेत. तिथं पाणी साचायचं आणि कापसाची पऱ्हाटी वीतभर उंचीची राहायची. त्या कोपऱ्यानं गावाचं जेवढं भलं केलं तेवढं कोणा पुढाऱ्यानं केलं नसेल.

आम्ही दोघं परत आलो त्या वर्षी अतिपाऊस झाला होता. नाल्याकाठच्या लोकांची वावरं खरोखरच गेली होती. आमचं वावर उंचावर, ते मात्र झकास होतं. दसरा-दिवाळीच्या मधे तहसीलदार आले. अकोल्याच्या ज्या गिरणीत मला काम मिळालं होतं तिचा हंगाम सुरू व्हायला अवकाश होता म्हणून आम्ही गावातच होतो, आणि बायको हौसेनं पाण्याची कळशी घेऊन आमच्याबरोबर वावरात आली. बाबांनी नेहमीप्रमाणे साहेबांना कोपऱ्यात नेलं, एक खुरटं झाड उपटून हातात धरलं आणि उसासा टाकला. तीन महिन्यांत शिकलेलं सगळं वऱ्हाडी गोळा करून माझी बायको म्हणाली, "सायेब, तिकडे या. तिकडे लय चांगलं हाये," आणि हात कमरेशी धरून कापूस केवढा आहे ते तिनं दाखवलं.

साहेबांबरोबर आलेला गावचा पटवारी खाली बघायला लागला. बाबा एक क्षणही न अडखळता म्हणाले, "तिले मराठी समजत नाही, सायेब. कायबी बोलते." तहसीलदार हसले, पाणी प्याले आणि पाच आणे लिहून निघून गेले.

त्या दिवसापासून बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायला सांगायचं तरी मायमार्फत. आमच्याकडे सासरे सुनेशी फारसं बोलत नाहीतच, पण हे तसलं नव्हतं आणि ते तिलाही कळत होतं. तिनं मला विचारलं, पीक चांगलं आहे तर वाईट कावून म्हणायचं. उत्तर सुचलं नाही की मी चिडतो, ही माझी जुनी खोड. चारचौघांत शहाणपणा करायची काही गरज होती का, असं मी तिला बोललो. ती रडली नाही. कळशी घासायला घेतली आणि बराच वेळ घासत बसली. आजही ती कळशी बघितली की मला माझी लाज वाटते.

मग हंगाम सुरू झाला आणि आम्ही अकोल्याला बिऱ्हाड केलं. दीड खोली, पुढे कडुनिंब, नळ अंगणात. गिरणीत तेलाचा आंबटपणा मोजायचं माझं काम होतं. घरी यायचो तर बायको शेजारणीबरोबर उन्हात कुरडया घालत असायची, नाहीतर भाकरी थापत. तिची भाकरी पहिले दोन महिने नकाशासारखी व्हायची, पुढे माझ्या मायसारखी व्हायला लागली. वांग्याच्या भरताला हिरव्या मिरच्या किती घालायच्या यावरून आमचे वाद व्हायचे, कारण तिला माझ्यापेक्षा जास्त तिखट लागायचं. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून बसायचो. पैसा बेताचा होता आणि आम्ही फार सुखात होतो. हे मी आज म्हातारपणी सजवून सांगत नाही, तेव्हाही तसंच वाटायचं.

तिचा पासपोर्ट जर्मनीचा. दर वर्षी राहण्याची मुदत वाढवून घ्यायला परदेशी माणसांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत जावं लागे. होळीनंतर आम्ही तिथं कायमच्या परवान्याचा अर्ज दिला. टेबलावरचे कारकून वयस्कर आणि सभ्य होते. चष्म्यातून माझा पगाराचा कागद बघून त्यांनी विचारलं, गिरणी वर्षातून किती महिने चालते. मी म्हटलं, पाच. ते म्हणाले, मग उरलेले सात महिने बाईंना खाऊ काय घालणार? कायमचं राहायचं तर नवऱ्याला दोघांपुरती बारमाही मिळकत दाखवावी लागते, नाहीतर घरातल्या कुणा ऐपतदार माणसाचं हमीपत्र. दोन्ही नसेल तर या खेपेला मुदत वाढणं कठीण आहे. तिची मुदत मृगाच्या आसपास संपत होती.

मला हसू आलं. घरी एवढी जमीन असताना ऐपतीची काय काळजी, असं वाटलं. मी ऐटीत गावी गेलो, पटवाऱ्याकडून बाबांच्या जमिनीचा उतारा आणला आणि वाचायची तसदीही न घेता कारकुनांपुढे ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला आणि माझ्याकडे वळवून बोट ठेवलं. पीक पाच आणे. सारा तहकूब. मागच्या वर्षीही तहकूब. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "ज्यांना सरकारचा सारा भरता येत नाही, ते सुनेची हमी कशी घेणार?"

बायको माझ्या शेजारीच उभी होती. आता तिला सगळं मराठी समजत होतं.

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. मला वाटलं आता ती बाबांचं नाव घेईल, आणि तिनं घ्यावं असंही कुठंतरी वाटत होतं. ती एवढंच म्हणाली, "मी नाही जात. मायं घर इथंच हाये." मला एकदम भडभडून आलं. लोक बघत होते, त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्याच दिवशी मी गावी गेलो आणि बाबांवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो. तुमच्या कोपऱ्यापायी माझी बायको चालली, म्हणालो. बरंच बोललो, सगळं आता लिहीत नाही. माय दारात उभी होती, तिनं मला अडवलं नाही. बाबा बैलाच्या मानेला तेल लावत होते, लावत राहिले. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तिले कवा जा लागते?"

मी मुदत सांगितली.

"सोमवारी तिले घेऊन ये," ते म्हणाले.

सोमवारी आम्ही तिघं बैलांच्या दमणीतून दर्यापूरला निघालो. बाबांनी लग्नाकार्यातला कोट घातला होता, एवढ्या उन्हात. मला वाटलं होतं, ते कुठून तरी ओळख काढून दाखला मिळवतील. आमच्या तालुक्यात त्यांना ओळखीची कमतरता नव्हती. तहसीलमध्ये साहेब तेच होते. बाबांनी तिला बाहेर बसू दिलं नाही, आमच्याबरोबर आत आणलं आणि ऐपतीच्या दाखल्याचा अर्ज टेबलावर ठेवला.

तहसीलदारांनी अर्ज वाचला, मग बाबांकडे बघितलं. म्हणाले, मागच्या दसऱ्याला तुम्हीच मला पीक बुडालं म्हणून सांगितलं होतं.

बाबा उभेच होते. टोपी काढून त्यांनी हातात घेतली. "मायं पीक बुडालं नोतं, सायेब. चौदा आणे आलं होतं. नाल्याकाठच्या लोकायचं खरंच गेलं, त्यायले हात लावू नोका. मी तुमाले खोट्या जागी उभं केलं. माया सारा मी आज भरतो."

त्या खोलीत चार कारकून होते, चपराशी होता, दारात आमच्या शेजारच्या गावाचे दोघं कामासाठी आलेले होते. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तालुकाभर होणार हे बाबांना माहीत होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

तहसीलदारांनी पेन खाली ठेवलं. मग बायकोकडे बघून म्हणाले, "म्हणजे बाई त्या दिवशी बोलल्या ते खरं होतं?"

"खरं होतं," बाबा म्हणाले. "तिले समजत होतं."

एवढं बोलून त्यांनी तिच्याकडे बघितलं. पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदा. तिनं पदर डोक्यावर नीट केला.

साहेबांनी बाबांना चार शब्द सुनावले, आणि ते त्यांनी मान खाली घालून ऐकले. गावाची आणेवारी आता बदलणार नाही, पण यंदा मी तुमचा कोपरा सोडून सगळं शिवार चालणार आहे, असं बजावून दाखल्यावर सही केली. बाबांनी खजिन्यात सारा भरला. परत येताना त्यांनी दमणी थांबवून टपरीवरून तीन चहा मागवले आणि तिचा पेला स्वतः तिच्या हातात दिला. सासऱ्यानं सुनेला चहा द्यायचा, तोही भर रस्त्यात, ही आमच्याकडे लहान गोष्ट नव्हती.

बाबांचं हमीपत्र आणि दाखला बघून अकोल्याचे कारकून खूश झाले, बहुतेक आमच्याइतकेच. मृगाच्या चार दिवस आधी तिला कायमचा परवाना मिळाला. माय त्या कागदाला हळदकुंकू लावणार होती, मी कसाबसा वाचवला.

गाव मात्र वर्षभर बाबांवर रुसलं. साहेब आले की पुढे उभं राहायला आता दुसरा माणूस शोधला गेला. बाबा ओट्यावर बसून लांबून बघायचे. त्यांना ते लागलं असणार. पिकाबद्दल कोणी विचारलं की अजूनही "हाये कसंतरी" म्हणायचेच. एका तहसीलभेटीनं माणूस बदलतो असं मी सांगणार नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी बार्शीटाकळीचे आमचे एक नातेवाईक आले. तोवर चलनातले आणे जाऊन नवे पैसे आले होते, पण आमच्या गावात आणे चालूच होते. जेवण झाल्यावर ओट्यावर सुपारी कातरता कातरता त्यांनी बाबांना विचारलं, विलायती सून कशी काय आहे. मी आत होतो. बाबा आता काय म्हणणार ते मला पाठ होतं.

बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग म्हणाले, "सोळा आणे."

चुलीजवळून माझी बायको मोठ्यांदा म्हणाली, "मंग बाबा, सारा भरा लागन."