मामाजींचं लालटेन

सर्व संबंधितांना, आणि विशेषतः ज्यांचा या गोष्टीशी काडीचाही संबंध नाही अशा सर्वांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहण्यात रशियन तज्ज्ञांचा, इंजिनिअरांचा आणि डोक्यावर घमेली वाहणाऱ्या हजारो माणसांचा जेवढा वाटा आहे, तेवढाच माझ्या बायकोच्या मामांचाही आहे. मामाजींनी आयुष्यात एक वीट उचललेली नव्हती. पण मला विचाराल तर त्या कारखान्याच्या पायाखाली सिमेंट आहे, लोखंड आहे, आणि कुठेतरी खोल तळाशी मामाजींचा एक चौकोन आहे.

मामाजी मूळचे नागपूरचे. वस्तीतले पहिले बी. एस्सी. पुढे संख्याशास्त्र शिकायला कलकत्त्याला गेले. तिकडून येताना लोक रसगुल्ले आणतात, मामाजी चौकोन घेऊन आले. चार ओळी, चार रकाने, आणि त्यांत चार अक्षरं अशी बसवायची की प्रत्येक अक्षर प्रत्येक ओळीत एकदाच आणि प्रत्येक रकान्यातही एकदाच यावं. याला म्हणायचं लॅटिन चौरस. मामींच्या कानाला लॅटिन काही झेपलं नाही. त्यांनी त्याचं लालटेन केलं, आणि भिलाईत रुआबांध्याजवळच्या आमच्या टिनाच्या खोल्यांच्या रांगेत तेच नाव कायम झालं. "जवाईबापू, तुमच्या मामाजीनं पुन्हा लालटेन पेटवलं पाहा," असं मामी म्हणाल्या की आपण समजायचं, आज कोणाच्या तरी संसाराची तपासणी आहे.

एकदा भिलाईच्या पाण्यात डाळ शिजत नाही अशी बायकांची तक्रार निघाली. मामाजींनी लगेच चार दुकानांची तूरडाळ आणली, रांगेतल्या चार घरच्या बायका नेमल्या, आणि चार दिवसांचा चौकोन आखून दिला. रोज संध्याकाळी ते डोळे मिटून चार घरचं वरण चाखत आणि मान हलवत पुढे जात. पाचव्या दिवशी निकाल लागला. डाळी चारही सारख्याच निघाल्या. फरक निघाला तो बायकांमध्ये, आणि सगळ्यांत कच्चं वरण मामींचं! माझ्यासारख्या माणसाने ही माहिती पोटात घालून मरण पत्करलं असतं. मामाजींनी ती चौकात उभं राहून मोठ्याने वाचून दाखवली. त्यानंतर बरेच दिवस ते कॅन्टीनमध्ये जेवत होते.

त्यांची बेरीजही निराळी. चौकोन रचायला म्हणे चाराच्या चक्रातला हिशेब लागतो, आणि त्या चक्रात चार आले की पुन्हा शून्य. कागदावर हे ठीक आहे, पण मामाजी ते ताटावरही चालवत. चार पोळ्या झाल्या की मामींकडे बघून शांतपणे म्हणत, "शून्य झाल्या. वाढ." आणि चालणं तर विचारूच नका. बिंदूपासून रेषेपर्यंत सर्वांत कमी अंतर म्हणजे लंब, हे भूमितीत आपण सगळेच शिकतो आणि सोडून देतो. मामाजींनी ते पायात घातलं. समोर सडक दिसली की ते नाकासमोर काटकोनात निघत. मध्ये चिखल असो, तारेचं कुंपण असो की नवं खणलेलं फाउंडेशन. एकदा त्यांना आम्ही दोरीने खड्ड्यातून वर काढलं. वर आल्यावर कपडे न झटकता म्हणाले, "अंतर मात्र कमीत कमी होतं." चुकीबद्दलही त्यांचं हेच मत. "जवाईबापू, खरं एका दिशेनं जाते, अन् चूक त्याच्याशी काटकोनात उभी रायते. आपुन फक्त लंब टाकायचा. मंग दोनी आपोआप येगळे होते." मी मान डोलवत असे. लग्न नवीन होतं, मामेसासरे होते, डोलवणं भाग होतं.

मग मान डोलवून भागेना असा दिवस आला. पायाभरणीच्या काँक्रीटवर मी एका गँगचा मुकादम होतो. नोकरी कच्ची, माणसं बहुतेक उतईकडची, म्हणजे जवळच्याच छत्तीसगढी खेड्यांतली. रोजच्या काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे पाडायचे, ते पाण्यात मुरवायचे, आणि मग मामाजी भिलाईत ज्या प्रयोगशाळेत नोकरीला होते तिथल्या यंत्राखाली दाबून किती भार सोसतात ते बघायचं, अशी पद्धत. चार गँगांपैकी तिघांचे ठोकळे पैलवानासारखे उभे राहत, आमचे पापडासारखे मोडत. आधी थट्टा झाली. "काहून रे बापू, सिमेंट खाऊन राहिला का घरी नेऊन?" पहिल्या गँगचा मुकादम मला भर कॅन्टीनमध्ये विचारायचा. मग फोरमनने आमचं नावच पाडलं, 'खराब हाथ की गँग'. शेवटी ठेकेदाराच्या इंजिनिअर साहेबांनी बोलावून सांगितलं की पुढच्या महिन्यापासून ही गँग बंद. साहेब वाईट नव्हते. पण ठोकळे मोडत होते आणि मोडणाऱ्या ठोकळ्यांवर भट्टी उभी करता येत नाही. माझी नोकरी गेली की टिनाची खोलीही जाणार होती, आणि बायकोला सातवा महिना लागलेला. गँगमधल्या रेजा, म्हणजे मजूर बायका, तर रोजच्या रोज पोट भरणाऱ्या. त्यांच्यात वयाने सर्वांत मोठी बिसाहिन. ती काही बोलायची नाही. नुसती घमेलं घासत बसायची, जणू दोष तिथेच कुठे चिकटला असावा.

बायकोने मामाजींना सांगितलं. मला वाटलं, मामाजी साहेबांकडे जाऊन रदबदली करतील. ते म्हणाले, "तुयी गँग रोज कोन्त्या मिक्सरवर असते?"

"तिसऱ्या. सर्वांत जुन्या. नव्या मुकादमाला जुनं मशीन, असा रिवाजच आहे."

"रोज?"

"रोज."

मामाजी उठले, चपला घातल्या आणि साहेबांच्या ऑफिसच्या दिशेने लंब टाकला. दुर्दैवाने त्या लंबाच्या वाटेत सकाळीच ओतलेला ओला स्लॅब होता. त्यावर पावलं उमटवत ते साहेबांसमोर उभे राहिले तेव्हा साहेब खुर्चीतून अर्धे उठले. मामाजींनी तो आपला मान समजून बोलायला सुरुवात केली. "साहब, ये गँग और ये मशीन, दोनों की शादी हो गयी है. जब देखो साथ में. फिर आपको कैसे पता चलेगा, झगड़ालू कौन है? पहले तलाक कराइए." आणि त्यांनी टेबलावर चौकोन आखला. चार दिवस, चार मिक्सर, चार गँगा. प्रत्येक गँगने प्रत्येक मिक्सरवर एकेक दिवस काम करायचं. साहेबांनी त्या चौकोनाकडे पाहिलं. नंतर खिडकीतून स्लॅबवरच्या पावलांकडे. मग म्हणाले, "ठीक है. लेकिन पहले वो स्लॅब आप खुद ठीक करवाइए."

मी खुशीत घरी आलो, तर मामाजी दारात. "जवाईबापू, एक गोष्ट सांगून ठेवतो. चौकोन तुया बाजूनं नाही बोलनार. माया बाजूनंबी नाही बोलनार. तुया गँगचाच दोष निघाला तर साहेबाले मीच सांगीन, अन् तुया सासूचा, माया सख्ख्या बहिनीचा, फोटो समोर ठेवला तरी बदलनार नाही." ते खोटं बोलत नव्हते. मामींचं वरण मला आठवलं.

ते चार दिवस यार्डात नुसता कल्ला होता. पहिल्या गँगचा मुकादम जुन्या मिक्सरवर आला तेव्हा मशीनला हात लावायच्या आधी त्याने मलाच चार शिव्या घातल्या. आमची माणसं नव्या मिक्सरवर पाहुण्यासारखी अंग चोरून वावरत होती. मग ठोकळे पाण्यात बुडाले, आणि ते मुरेपर्यंत आम्ही दोघं नवराबायको कोरडेच्या कोरडे वाट पाहत बसलो. मामाजी रोज यायचे, तिच्या हातचा चहा प्यायचे, आणि निकालाबद्दल एक अक्षर काढायचे नाहीत. फक्त एकदा जाताना तिला म्हणाले, "पोरी, झोपत जाय बरं. जागून ठोकळे पक्के नाही होत."

ठोकळे फोडून झाल्यावर साहेबांनी चारही गँगांना यार्डात उभं केलं आणि मामाजींना बोलायला सांगितलं. मामाजींनी घसा खाकरून, वरणाचा निकाल वाचला होता अगदी त्याच आवाजात सांगितलं की कमजोर ठोकळे सगळे तिसऱ्या मिक्सरचे आहेत, बनवणारी गँग कोणतीही असो. बाकीच्या मिक्सरांवर आमच्या गँगचं काँक्रीट इतरांच्या बरोबरीचं आहे. फोरमनने तिथल्या तिथे ते मशीन उघडलं. पाण्याची तोटी बंद केली तरी आत पाणी झिरपतच होतं. कोणीही कितीही मापून पाणी घातलं तरी माल पातळच व्हायचा. पहिल्या गँगचा मुकादम माझ्या खांद्यावर हात ठेवून पुटपुटला, "च्या मायले, आमाले कसं कळन बापू!" साहेबांनी आमची गँग चालू ठेवली, आणि पुढे माझी नोकरी पक्की झाली. माझी मुलगी भिलाईतच जन्मली.

मामाजी आता नाहीत. त्यांचे आभार मानायचा मी पुष्कळदा प्रयत्न केला. दर वेळी ते म्हणायचे, "मले कायले? निकाल उलटा निघाला असता तर शिव्या देल्ल्या असत्या का?" मी दिल्या असत्या, हे दोघांनाही माहीत होतं. पण आभार त्यांच्यापर्यंत पोचलेच नाहीत असं मी म्हणणार नाही, कारण त्या दिवशी यार्डात ते माझ्या शेजारीच उभे होते. बिसाहिनला मामाजींचं बोलणं समजलं नव्हतं. तिने माझी बाही ओढून विचारलं, आणि मी तिला सोप्या शब्दांत सांगितलं. तिने घमेलं खाली ठेवलं. आपले दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. मामाजींनी तिच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांना कुठे बघावं ते कळत नव्हतं. आणि साहेब, फोरमन, चारही गँगा यांच्यादेखत, आयुष्यात कधी मोठ्याने न बोललेली ती बाई आपल्या छत्तीसगढीत मोठ्याने बोलून गेली:

"त हमर हाथ म खोट नइ रिहिस, साहेब!"