न हरलेलीचा सत्कार

माईक हातात आला की भाऊ आधी त्यावर दोनदा फुंकर मारायचे, मग घसा खाकरून म्हणायचे, "जयभीम, राम राम, सलाम, जय सेवालाल! जे उभे हायेत त्यायनं बसून घ्या, अन् जे बसले हायेत त्यायनं सरकून घ्या!"

हिवाळ्यात आर्णीपासून बोरी अरबपर्यंत कुठल्याही कबड्डीच्या सामन्याला तुम्ही गेला असाल, तर हा आवाज तुमच्या कानांवर पडलाच असेल. माणूस कदाचित दिसला नसेल, कारण माणूस तसा लहानखुरा. एरवी धंदा शिंपीकामाचा. दुकान आमच्या घरासमोर. मी शाळेत मास्तर आणि सामन्यांना गुण लिहायला त्यांच्या शेजारी बसणारा.

भाऊंची एक खोड होती. सामना संपला, जिंकलेल्यांचे हार-गुलाल सुरू झाले, की भाऊ माईक खाली ठेवत, पिशवीतून स्वतः काठ शिवलेला दुपट्टा काढत आणि हरलेल्या कप्तानाच्या खांद्यावर टाकत. आयोजक चिडायचे. पाहुणे खोळंबले आहेत, हे काय मध्येच? भाऊंचं उत्तर ठरलेलं. "जितला त्याले कप भेटते. हारला त्याले कोनी पानी बी इचारत नाही."

मग एका वर्षी त्यांचा घसा बसला आणि उठेचना. काढे झाले, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रावर गाठ आहे. काढू, तपासायला पाठवू. रिपोर्ट येईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.

ऑपरेशनला निघण्याआधी भाऊंनी स्वतःचा माईक कबड्डी मंडळाला देऊन टाकला. मी चिडलो. "अहो, अजून काही ठरलं नाही, अन् तुम्ही वाटणी करून राहिले!"

"ठरल्यासारखंच हाय, सर," ते म्हणाले. "पन आवाज गेला तं घरी मले कोन ओळखीन?"

ऑपरेशननंतर भाऊ मुके झाले. गिऱ्हाइकाला बोटांनी पैसे सांगायचे. माणसं उगाच त्यांच्याशी मोठ्यानं बोलायची, जणू काही ते बहिरे झाले. भाऊंची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एकदा मला म्हणाल्या, "घर खायाले उठते, सर. रिपोर्ट आनाले मी नाही जात. माह्याच्यानं आयकवनार नाही. तुमीच जा त्यायच्या संगं."

आम्ही नागपूरला पोचलो तर डॉक्टर ऑपरेशनमध्ये. संध्याकाळी या, असं काउंटरवर सांगितलं. दवाखान्याच्या बाकावर भाऊंचा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा एकसारखा हलत होता. मला ते बघवेना. शेजारच्या मैदानावर बोर्ड लागला होता, आंतरराष्ट्रीय महिला टेनिस स्पर्धा, प्रवेश मोफत. म्हटलं, चला, वेळ तरी जाईल. टेनिस आम्ही दोघांनी टीव्हीवर जाता-येता पाहिलेलं, तेवढंच.

पायऱ्यांवर बसलो. उंच खुर्चीवरच्या पंचांनी शांत राहायला सांगितलं आणि एवढी माणसं खरोखर गप्प झाली. फक्त चेंडूचा आवाज. भाऊंनी आजूबाजूला पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि कित्येक दिवसांनी हसले. इथे सगळेच त्यांच्यासारखे होते. कडेला एक बाई रेषेवर डोळा ठेवून वाकून उभी होती. चेंडू आत पडला की ती तोंडातून ब्र न काढता दोन्ही तळवे जमिनीकडे धरायची. भाऊंना ती भारी आवडली. प्रत्येक वेळी तेही तळवे धरायला लागले.

खेळत होत्या दोन परदेशी मुली. एक उंच आणि दणकट. दुसरी सडसडीत, घामानं निथळलेली, आणि तिचं काही जमतच नव्हतं. शेवटी एक चेंडू जाळीत गेला, टाळ्या झाल्या, ती खुर्चीवर जाऊन बसली आणि टॉवेल डोक्यावर घेतला.

मी घड्याळात पाहतोय तोवर भाऊ उठलेले! पायऱ्या उतरून थेट कुंपणाशी, हातात पिशवीतला दुपट्टा. सिक्युरिटीवाला धावला, त्याच्यामागे मी. भाऊ माझ्याकडे पाहून खुणा करायला लागले, तुम्ही सांगा. मग माझ्या मास्तरी इंग्रजीत मीच सुरू झालो, की मॅडम, आमच्याकडे हरणाऱ्याचा मान करतात, हे आमच्या भागातले मोठे निवेदक आहेत, राग मानू नका.

त्या मुलीनं टॉवेल बाजूला केला. दुपट्ट्याकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं, आणि बोट हलवून म्हणाली, संपलं नाही. फक्त पहिला सेट झाला आहे. अजून खेळायचंय मला.

भाऊंचा चेहरा असा पडला म्हणता! जितीजागती खेळाडू, आणि आपण तिला हरवून मोकळे झालो. माफी मागायला त्यांनी चटकन तोंड उघडलं आणि मी झडप घालून त्यांच्या तोंडावर हात दाबला. सिक्युरिटीवाल्याला वाटलं आमचीच मारामारी लागली. ती मुलगी मात्र खळखळून हसली, पाणी प्यायली आणि उठली.

पुढे ती जिंकली की हरली ते आम्हाला कळलं नाही. दवाखान्याची वेळ झाली होती. वाटेत भाऊ मान खाली घालून चालले होते.

डॉक्टरांनी पाकीट उघडलं, वाचलं आणि चष्मा काढला. "साधी गाठ होती. खराब काही नाही." इतकं हलकं मला माझ्या पोरीच्या बाळंतपणानंतरच वाटलं होतं. डॉक्टरांनी बॅटरी लावून भाऊंचा घसा पाहिला. "छान भरलंय. बोला काहीतरी. हळू."

भाऊंनी मान हलवून नाही म्हटलं. माझा फोन मागितला आणि बाहेर व्हरांड्यात आले. मी घरचा नंबर लावून दिला. वहिनींना वाटलं मीच आहे. "सर, काय म्हनते डाक्टर?"

"अवं," भाऊ म्हणाले. "मी बोलून राह्यलो."

आवाज बारीक होता, खरखरीत होता. समोर उभा नसतो तर मलाही ओळखू आला नसता. मी फोनजवळ कान नेला.

मग वहिनींचा आवाज मलाही ऐकू आला. "समजलं मले. जास्त बोलू नोका. घरी या."

आणि त्या रडायला लागल्या. भाऊ फोन कानाला धरून, एक शब्द न बोलता, ते रडणं पुरतं संपेपर्यंत ऐकत उभे राहिले.